आज वारा कुठला

पहाटे साडेचारला खांबावरचा भोंगा खाकरतो,
मग कचेरीतल्या मुलीचा आवाज
(ही ओकियामांची धाकटी, अजून अर्धी झोपेतच)
सांगते, वारा पश्चिमेचा आहे,
पूर्वेच्या वस्तीनं मुखवटे हाताशी ठेवावेत,
बोट आज उत्तरेच्या धक्क्याला लागेल.

हात्सुए चहाचं आधण ठेवते.
खिडकी उघडायची की नाही
हे या बेटावर कुणी स्वतःच्या मनानं ठरवत नाही.

डोंगराला मात्र इथे शिव्या देत नाहीत.
वीस-बावीस वर्षांनी तो एकदा येऊन जातो,
जुनी उधारी लक्षात ठेवलेल्या माणसासारखा.
पहिल्या खेपेला ती आईच्या पाठीवर बांधलेली होती.
दुसऱ्या खेपेला पोटुशी.
तिसऱ्या खेपेला त्यानं शाळा नेली,
फळा, बाकं, मिनेओचे नवे बूट
सगळं काळ्या दगडात गेलं,
आणि मिनेओ बुटांसाठीच रडला, शाळेसाठी नाही.

चौथ्या खेपेला आग थोडी, राख फार.
आणि धूर, जो थांबेचना.
एकेक पिशवी घ्या म्हणाले,
आठवड्याचे कपडे पुरेत.
तो आठवडा चार वर्षं पाच महिने चालला.

टोकियोत सहावा मजला.
साकुजीनं मासळीच्या थर्मोकोलच्या खोक्यात माती भरली,
दुकानातली, पिशवीतली, कसलाच वास नसलेली,
आणि आशिताबा लावला.
बेटावरचा पाला तो. आज खुडावा, उद्या फुटतो,
नावच त्याचं उद्याचं पान.
तिथे फुटायला आठ दिवस घ्यायचा.
त्याचा काय दोष, साकुजी म्हणायचा,
या गावात उद्याच उशिरा येतो.
मग एका फेब्रुवारीत
त्यानं तेवढीही वाट पाहिली नाही.

परतली तेव्हा
पत्र्याच्या छपराची चाळण झाली होती,
खिळ्यांची डोकी चिमटीत चुरत होती.
टीव्ही आतून हिरवा.
देवळाची कमान गळ्यापर्यंत राखेत;
जिच्याखालून मान वर करून जायचं
तिच्या आडव्या तुळईवर आता पोरं बसतात,
कुणी रागवत नाही.
डोंगरउतारावर झाडं उभीच्या उभी, पांढरी,
मरून गेल्याचं कुणी कळवलंच नाही अशी.

धक्क्यावर टेबल मांडून
कचेरीवाले मुखवटे वाटत होते, जुन्या यादीवरून.
हात्सुए, एक. साकुजी, एक.
तिनं दोन्हीकडे सही केली.
ते नाहीत, हे सांगायला
मागे मोठी रांग होती.

तेव्हापासून खुंटीला दोन मुखवटे.
एकाचा पट्टा घामानं काळवंडलाय.
दुसरा अजून पिशवीतल्या पिशवीत.

परवा गाळण्या बदलणारा माणूस आला,
नवा, मुख्य भूमीवरचा, बूट फार स्वच्छ.
बघून म्हणाला, हा दुसरा परत नेऊ का, आजी?
न्या, ती म्हणाली.
मग म्हणाली, थांबा,
त्यातली गाळणी कोरीच आहे ना?
मुदतही आहे म्हणता?
मग ती काढा आणि माझ्यात बसवा.
चांगली वस्तू फुकट कशाला घालवायची.

त्यानं बसवली. तिनं मुखवटा चढवून पाहिला,
एकदा श्वास आत. एकदा बाहेर.
रबराचा वास आला, नव्या बुटांसारखा.
ठीक आहे, ती म्हणाली, बसतोय.
रिकामा मुखवटा घेऊन तो माणूस
गाडी उलटी वळवायला बराच वेळ खटपटत होता.

भोंगा पुन्हा खाकरतो. वारा फिरलाय.
आता पश्चिमेच्या लोकांची पाळी.
हात्सुए खिडकी उघडते,
मागच्या परसात जाते,
काल खुडलेल्या जागी बोट लावून बघते.
बहुतेक वेळा असतं.
कधी नसतंही.